आडव्या टेनेसीची आखणी: मेंफिसपासून स्मोकी माउंटन्सपर्यंत

टेनेसी उत्तर-दक्षिण जेमतेम ११०-१२० मैलांचं आहे, पण पूर्व-पश्चिम साधारण ४४० मैल पसरलेलं. आय-४० हा महामार्ग मिसिसिपी नदीवरच्या पुलावरून राज्यात शिरतो आणि साडेचारशे मैलांनंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात बाहेर पडतो. राज्याच्या झेंड्यावरचे तीन तारे म्हणजे पश्चिम, मध्य आणि पूर्व टेनेसी. हे तीन भाग जमिनीने, संगीताने आणि जेवणानेही वेगळे आहेत. आखणीला बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की तिन्ही भाग घ्यायचे की दोनच. हाताशी पूर्ण आठवडा नसेल तर दोनच घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार-पाच दिवसांत मेंफिस ते स्मोकी, म्हणजे पूर्व टोकाचे डोंगर, असं करणाऱ्यांना ट्रकांच्या रांगाच जास्त दिसतात.

अंतरं अशी: मेंफिस ते नॅशव्हिल २१० मैल, सव्वातीन तास. नॅशव्हिल ते चॅटनूगा १३५ मैल, सव्वादोन तास. चॅटनूगाहून गॅटलिनबर्ग (स्मोकीच्या दाराशी असलेलं गाव) साधारण १५० मैल, पावणेतीन ते तीन तास. नॉक्सव्हिल ते गॅटलिनबर्ग फक्त ४० मैल आहे, पण त्याला एक तास धरा, ऑक्टोबरातल्या शनिवारी दोन. पूर्ण राज्यासाठी मेंफिसला दोन रात्री, नॅशव्हिलला दोन, चॅटनूगाला एक आणि स्मोकीजवळ तीन, अशी वाटणी सोयीची पडते. स्मोकीची तिसरी रात्र कापायचा मोह होतो. ती कापू नये, कारण तिथे एक दिवस तरी पावसात किंवा धुक्यात जातोच.

गाडीशिवाय हे राज्य बघता येत नाही. अॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेची एकच गाडी राज्याच्या पश्चिम कडेने जाते आणि मेंफिसला थांबते. नॅशव्हिलला, चॅटनूगाला, नॉक्सव्हिलला लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे नाही. विमानाचे दोन पर्याय आम्ही शेजारी शेजारी मांडले. पहिला, मेंफिसला उतरायचं आणि नॉक्सव्हिलहून परत उडायचं. यात उलटा प्रवास वाचतो, पण भाड्याची गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्क लागतं आणि राज्य एकच असलं तरी ते माफ होतंच असं नाही. दुसरा, नॅशव्हिलला जाऊन-येऊन तिकीट काढायचं. तिथल्या विमानतळावर उड्डाणं सर्वांत जास्त आणि म्हणून बहुधा स्वस्त. मग नॅशव्हिल, चॅटनूगा, स्मोकी आणि आय-४०ने परत असं वर्तुळ करायचं. मेंफिस त्यातून सुटतं. विमान, गाडी आणि सोडण्याचं शुल्क यांची एकत्र बेरीज करूनच ठरवा. नुसत्या विमानभाड्यावर गेलात तर फसगत होते. अटलांटाच्या मंडळींना हा प्रश्नच नाही. त्यांना चॅटनूगा दोन तासांवर आहे, त्यांनी पूर्व आणि मध्य एवढंच धरावं.

टेनेसीत टोलरस्ते नाहीत, त्यामुळे भाड्याच्या गाडीबरोबर टोलचं यंत्र घेऊ नका. १ जुलै २०१९पासून गाडी चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे, म्हणून फोनचा स्टँड बरोबर न्या. चार ते आठ वर्षांच्या आणि चार फूट नऊ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बूस्टर सीट लागते. ती भाड्याने घेण्यापेक्षा घरून नेलेली परवडते.

मोसम ठरवताना पर्वत आधी पाहा, शहरं नंतर. स्मोकीतले रंग उंचावर सप्टेंबरच्या शेवटापासून दिसू लागतात आणि खालच्या दऱ्यांत ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उतरतात. ऑक्टोबर सर्वांत सुंदर आणि सर्वांत गर्दीचा. एप्रिल आम्हाला जास्त आवडतो: डॉगवूडचा पांढरा फुलोरा, रानफुलं, मध्यम भाडी. पण मार्च ते मे टोर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांचाही काळ आहे, आणि इथली बरीच टोर्नेडो रात्री येतात. ३ मार्च २०२०चं नॅशव्हिलमधलं असंच मध्यरात्रीनंतर आलं होतं. इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात, गावाच्या नव्हे. म्हणून प्रत्येक मुक्कामापुढे काउंटी लिहून ठेवा: मेंफिस म्हणजे शेल्बी, नॅशव्हिल म्हणजे डेव्हिडसन, चॅटनूगा म्हणजे हॅमिल्टन, गॅटलिनबर्ग म्हणजे सेव्हियर. ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे आत्ता, सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जा. भारतातून आलेल्या आई-बाबांना हा फरक आधीच सांगून ठेवावा, आणि झोपताना फोन ‘सायलेंट’वर टाकला तरी आपत्कालीन इशारे चालू ठेवावेत.

तारखा पक्क्या करण्यापूर्वी शहरांची वर्दळ बघा. जूनमध्ये नॅशव्हिलला कंट्री संगीताचा मोठा उत्सव असतो. त्याच महिन्यात आय-२४वरच्या मँचेस्टरजवळ बॉनारू हा संगीत महोत्सव भरतो आणि चॅटनूगाचा रस्ता तुंबतो. शरद ऋतूत नॉक्सव्हिलला विद्यापीठाचा फुटबॉल सामना असेल त्या शनिवारी लाखभर माणसं एका स्टेडियममध्ये जमतात आणि आसपासची हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. स्मोकीच्या पायथ्याच्या पिजन फोर्जला जुन्या गाड्यांचे मेळे होतात, त्या दिवसांत मुख्य रस्ता रांगतच चालतो.

यानंतर आखणीचा गाभा येतो. ज्या गोष्टींना ठरलेली वेळ आहे त्या आधी कागदावर बसवायच्या आणि ड्रायव्हिंग उरलेल्या जागेत घालायचं. बहुतेक जण उलट करतात. ते मैल मोजून मुक्काम ठरवतात, आणि मग कळतं की संग्रहालय नेमकं त्या दिवशी बंद आहे. मेंफिसचं नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम मंगळवारी बंद ठेवण्याची प्रथा आहे. तुमच्या आठवड्याचं वेळापत्रक तरीही पाहून घ्या. ग्रेसलँड, म्हणजे एल्विस प्रेस्लीचं घर, यात प्रवेशाची वेळ तिकिटावर असते. एल्विसने सुरुवातीची गाणी जिथे ध्वनिमुद्रित केली त्या सन स्टुडिओची फेरी छोटी आहे, पण तिथे पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. चॅटनूगाच्या रुबी फॉल्स या गुहेतल्या धबधब्याची तिकिटं वेळेची असून शनिवार-रविवारी संपतात. नॅशव्हिलला ग्रँड ओल ओप्री या कंट्री संगीताच्या जुन्या कार्यक्रमाचा प्रयोग सहसा शुक्रवार-शनिवारी असतो, मोसमात आणखी वारीही. त्यामुळे नॅशव्हिलच्या दोन रात्रींतली एक शुक्रवार किंवा शनिवार यावी, आणि स्मोकीचे दिवस सोमवार ते गुरुवारात पडावेत, अशी मांडणी करा. तीही साधते: बुधवारी मेंफिसला पोचायचं, शुक्रवारी नॅशव्हिल, रविवारी चॅटनूगा, सोमवारी डोंगर.

मेंफिसच्या दोन रात्रींत एक पूर्ण दिवस मिळतो. त्यातली सकाळ लोरेन मोटेलला द्यावी. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या याच मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीसमोरच्या सज्जात झाली. १९९१पासून इथेच वर सांगितलेलं नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम आहे. किंग मेंफिसला आले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते कामगार रस्त्यावर उतरले होते. हेच किंग १९५९मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते. मराठी माणसाला हा धागा माहीत असेल तर संग्रहालयाचे पहिले काही कक्ष वेगळे दिसतात. तीन तास धरा. समोरच्या इमारतीतला भागही बघा, जिथून गोळी झाडली गेली ती हीच जागा. खूप लहान मुलांना झेपेल असं सगळंच नाही, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना जरूर न्यावं. त्याच दुपारी लगेच ग्रेसलँड बसवू नका, मन तयार नसतं. ते दुसऱ्या सकाळी निघण्यापूर्वी पाहा. शहराच्या मध्यापासून ते साधारण नऊ मैल दक्षिणेला आहे आणि घरासह सगळं बघायला तीन-साडेतीन तास जातात. मधल्या संध्याकाळी पीबॉडी हॉटेलातली बदकं (रोज सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ वाजता लाल गालिच्यावरून जातात, पाहायला पैसे नाहीत) आणि त्यानंतर ब्लूज संगीताचा बील स्ट्रीट.

जाता जाता एक गोष्ट: आय-४० मेंफिसमधून सरळ जात नाही, उत्तरेला मोठा वळसा घेतो. मूळ रस्ता ओव्हरटन पार्कमधल्या जुन्या झाडांतून जाणार होता. नागरिक कोर्टात गेले, १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पार्क वाचलं. त्या वळशातली दहा मिनिटं मेंफिसकरांनी मिळवलेली आहेत.

मेंफिसहून नॅशव्हिलला आय-४०ने गेलात तर रस्ता सपाट, कंटाळवाणा आणि ट्रकांनी भरलेला. ग्रेसलँड सोडायची तयारी असेल तर दक्षिणेचा मार्ग घ्या. मेंफिसहून सुमारे दोन तासांवर अमेरिकी यादवी युद्धातली शायलोची रणभूमी आहे. ६ आणि ७ एप्रिल १८६२ला इथे झालेल्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गाडीतूनच फिरण्याचा मार्ग आहे, दोन तास पुरतात. तिथून सव्हाना गावावरून यूएस-६४ धरून वेन्सबरोच्या पुढे नॅचेझ ट्रेस पार्कवेवर चढा आणि उत्तरेकडे थेट नॅशव्हिलच्या सीमेपर्यंत या. हा पार्कवे ४४४ मैलांचा आहे, आपल्याला त्यातला शेवटचा सत्तरेक मैलांचा तुकडा लागतो. वेगमर्यादा ताशी ५० मैल, मालट्रकना बंदी, जाहिरात फलक नाहीत, आणि पेट्रोल पंपही नाहीत. टाकी वेन्सबरोतच भरा. मैलदगड ३८५.९ला मेरिवेदर लुईस यांची समाधी आहे. पॅसिफिकपर्यंतची मोहीम पार पाडलेल्या या माणसाचा मृत्यू १८०९मध्ये इथल्याच एका वाटेवरच्या खानावळीत झाला. मैलदगड ४३८जवळ दुहेरी कमानीचा काँक्रीटचा पूल लागतो. नुसतं ड्रायव्हिंग पाच-साडेपाच तास होतं, म्हणून सकाळी सातला मेंफिस सोडलं तरच हे जमतं. संध्याकाळी पार्कवेवर हरणं रस्त्यात येतात, अंधाराआधी उतरा.

नॅशव्हिलमध्ये ब्रॉडवे या संगीताने गजबजलेल्या रस्त्याच्या जवळ राहिलात तर गाडी दोन दिवस हलवू नका. तिथल्या वाहनतळांचे दर कार्यक्रमाच्या दिवशी कितीतरी पट चढतात. लांब राहणार असाल तर गाडी हॉटेलात ठेवून टॅक्सीने या. १८९२चं रायमन सभागृह दिवसा बघता येतं. ओप्री १९७४पासून तिथून हलून शहराच्या पूर्वेला, मध्यापासून दहाएक मैलांवर स्वतःच्या नाट्यगृहात गेली; हे दोन्ही एकच समजून चुकीच्या ठिकाणी पोचणारे असतात. आरसीए कंपनीचा जुना ध्वनिमुद्रण स्टुडिओ, स्टुडिओ बी, पाहायचा असेल तर त्याचं तिकीट कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयातूनच मिळतं, बस तिथूनच सुटते. सेंटेनियल पार्कमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. १८९७च्या प्रदर्शनासाठी ती उभारली आणि पुढे काँक्रीटमध्ये नव्याने बांधली. आत अथेनाची ४२ फुटी मूर्ती आहे. शहराच्या नैर्ऋत्येला ओल्ड हिकरी बुलेवार्डवर गणपतीचं मोठं देऊळ आहे. नॅचेझ ट्रेसचं टोक त्याच बाजूला, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत होतात.

नॅशव्हिल सोडलं की घड्याळाचा घोळ सुरू होतो. पश्चिम आणि मध्य टेनेसी ‘सेंट्रल’ वेळेवर चालतं, चॅटनूगा आणि नॉक्सव्हिल ‘ईस्टर्न’वर. पूर्वेकडे जाताना एक तास हरवतो. सकाळी आठला निघालात तर सव्वादोन तासांनी चॅटनूगात सव्वाअकरा वाजलेले असतात. रुबी फॉल्सचं साडेदहाचं तिकीट काढणारे इथेच अडकतात. आय-४०ने गेलात तर हीच रेषा क्रॉसव्हिल ओलांडल्यावर रोन काउंटीच्या हद्दीवर लागते. सीमेजवळ फोन कधी एका टॉवरची वेळ दाखवतो, कधी दुसऱ्या. त्या दिवसाची आखणी लिहिताना प्रत्येक वेळेपुढे ‘चॅटनूगा वेळ’ असं लिहा, एवढा साधा उपाय पुरतो.

याच वाटेवर मॉन्टीगलचा घाट आहे. कंबरलँड पठारावरून आय-२४ खाली उतरतो तिथे उतार तीव्र, वळणं मोठी आणि ट्रक भरपूर. पाऊस असेल तर गियर खाली घ्या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, आणि वायपर लावलात की दिवेही लावा, तसा नियम आहे. चॅटनूगाला एक रात्र पुरते: लुकआउट माउंटनच्या पोटातला १४५ फुटी रुबी फॉल्स (लिफ्टने खाली उतरायचं, मग अरुंद गुहेतून चालायचं), १८९५पासून चालणारी उतारावरची रेल्वे, आणि संध्याकाळी वॉलनट स्ट्रीटचा पादचारी पूल. रॉक सिटी हे खडकांमधल्या बागेचं ठिकाण त्याच डोंगरावर असलं तरी जॉर्जियात येतं.

आता स्मोकी. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला प्रवेशशुल्क नाही, पण १ मार्च २०२३पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो. तो दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे टॅगऐवजी चालत नाही. टॅग एका गाडीच्या नंबरप्लेटशी बांधलेला असतो आणि काचेवर कागदी स्वरूपातच दिसावा लागतो, फोनवरचं चित्र चालत नाही. भाड्याच्या गाडीचा नंबर आधी माहीत नसतो, म्हणून तो तिथे पोचून शुगरलँड्स किंवा अन्य स्वागतकेंद्रावर घ्या. आठवड्याचाच घ्या. चौथ्या दिवसापासून तो स्वस्त पडतो, आणि रोज सकाळी यंत्रासमोर रांग लावण्यात जो तास जातो त्याची किंमत डॉलरांत होत नाही.

मुक्काम कुठे करायचा यावर सगळं अवलंबून आहे. आय-४०च्या ४०७ क्रमांकाच्या एक्झिटने उतरलात की सेव्हियरव्हिल, पिजन फोर्ज, गॅटलिनबर्ग अशी एकच लांब, दिव्यांनी भरलेली बाजारपेठ लागते. मुलांना डॉलीवूड हे करमणूक उद्यान हवं असेल तर पिजन फोर्ज. पार्कच्या दाराशी राहायचं तर गॅटलिनबर्ग. शांतता हवी तर पश्चिमेचं टाउनसेंड, आणि पार्कमधल्या केड्स कोव्ह या दरीलाही तेच जवळ. केबिन घेताना जाहिरातीतल्या गावाच्या नावावर विसंबू नका, पत्ता नकाशावर टाकून मुख्य रस्त्यापासूनची मिनिटं बघा. ‘गॅटलिनबर्ग’ म्हणून दिलेली केबिन वळणाच्या चढावर पंचवीस मिनिटं आत असू शकते. हिवाळ्यात त्या चढांवर बर्फ गोठतो, साधी गाडी वर जात नाही. साफसफाईचं शुल्क आणि कर धरूनच हॉटेलशी तुलना करा.

केड्स कोव्ह हा ११ मैलांचा एकेरी रस्ता. अकरा मैल ऐकून लोक तासाभराचा बेत करतात, तिथे दोन ते चार तास जातात. कुणीतरी अस्वल बघायला थांबतं आणि मागे मैलभर रांग लागते. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. स्पार्क्स लेन आणि हायट लेन हे दोन आडवे रस्तेच काय ती सुटका. सूर्योदयाला रस्ता उघडतो, त्याच वेळी आत शिरा. मे ते सप्टेंबर दर बुधवारी तो गाड्यांना बंद आणि फक्त चालणाऱ्या व सायकलवाल्यांसाठी खुला असतो. गॅटलिनबर्गहून तिथवरचे २७ मैल लिटल रिव्हर रोडने तासाहून जास्त घेतात. सुरुवातीच्या कॅम्पग्राउंडजवळ आणि मधल्या केबल मिलजवळ स्वच्छतागृह आहे, हे ज्येष्ठांना सोबत नेताना लक्षात ठेवा.

कुवोही हे पार्कमधलं आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर, ६,६४३ फूट. सप्टेंबर २०२४पर्यंत त्याचं अधिकृत नाव क्लिंगमन्स डोम होतं. चेरोकी लोकांचं मूळ नाव आता परत दिलं आहे. जुने नकाशे आणि पुस्तकं पाहताना हे ध्यानात ठेवा. वरपर्यंतचा सात मैलांचा रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च बंद असतो. वाहनतळापासून मनोऱ्यापर्यंत अर्धाच मैल चालायचं आहे आणि रस्ता डांबरी आहे, पण चढ असा की गुडघेदुखीवाल्यांनी खालच्या वाहनतळावरून दिसणारं दृश्यच बघावं. तेही उत्तम असतं. गॅटलिनबर्गला २५ अंश सेल्सियस असेल तर वर पंधराची तयारी ठेवा. वरच्या भागात वर्षाला ८५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत न पडता तो वर्षभर वाटला जातो. रेनकोट प्रत्येक मोसमात लागतो. ढग असतील तर न्यूफाउंड गॅपला (५,०४६ फूट) थांबून पाहा. वर काहीच दिसत नसेल तर बेत बदला आणि खालच्या जंगलातला धबधबा घ्या. लॉरेल फॉल्सची वाट जानेवारी २०२५मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली. ती उघडली का ते आधी पाहा, नसेल तर रोअरिंग फोर्कच्या रस्त्यावरून ग्रोटो फॉल्स. अॅलम केव्हच्या वाटेचं वाहनतळ सकाळी आठपर्यंत भरतं.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला पार्कमधल्या एल्कमाँटला काजवे एका तालात लुकलुकतात. त्या साधारण आठ रात्रींसाठी गाड्यांचे परवाने सोडत काढून देतात आणि अर्जाची खिडकी एप्रिलअखेर काही दिवसच उघडी असते. सोडत लागली तर सगळी सहल तिच्याभोवती फिरवा.

पार्कच्या आत पेट्रोल नाही, उपाहारगृह नाही, फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, डबा बरोबर न्या. अस्वलापासून ५० यार्ड दूर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. केबिनसमोर उभ्या गाडीचं दार नुसतं लोटून ठेवू नका, कुलूप लावा. इथल्या अस्वलांना दाराची कडी उघडता येते, आणि गाडीत चिवड्याची पिशवी राहिली असेल तर ती सापडतेच.

शाकाहाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे भाजीच्या नावाने मांस पोटात जातं. ‘मीट अँड थ्री’ (एक मांसाचा पदार्थ आणि तीन जोडपदार्थ) प्रकारच्या खानावळीत भाज्यांचं ताट मिळतं, पण घेवड्याच्या शेंगा, टर्निपचा पाला, पिंटो बीन्स हे बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. मक्याचा ब्रेड कधी चरबीत भाजलेला असतो, पांढऱ्या ग्रेव्हीत सॉसेज असतं. ‘व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारलं तर होकार येतो. ‘यात हॅम, बेकन किंवा लार्ड (डुकराची चरबी) आहे का’ असं नाव घेऊन विचारा. मॅकरोनी-चीज, तळलेली भेंडी, रताळं, कोलस्लॉ यांवर सहसा भागतं. तळण्याचं तेल वेगळं आहे का तेवढं विचारा. भारतीय किराणा मेंफिस, नॅशव्हिल, चॅटनूगा आणि नॉक्सव्हिलला मिळतो, डोंगरात मिळेल असं धरू नका. पोहे, रवा, मसाला नॉक्सव्हिलच्या अलीकडेच घ्या. केबिनला स्वयंपाकघर असतं, आणि ढगाळ संध्याकाळी तिथली खिचडी कोणत्याही हॉटेलपेक्षा बरी.

खर्चाच्या तक्त्यात विक्रीकर विसरू नका. राज्याचे ७ टक्के आणि स्थानिक कर मिळून तो ९.७५ टक्क्यांपर्यंत जातो, हॉटेलवर त्याशिवाय मुक्कामाचा वेगळा कर.

पर्वतातून पूर्वेला नॉर्थ कॅरोलायनात उतरायचा विचार असेल तर आय-४०ची स्थिती निघण्याच्या दिवशी पाहा. सप्टेंबर २०२४च्या हेलिन वादळाने पिजन नदीच्या खिंडीतला रस्ता वाहून नेला. १ मार्च २०२५ला तो प्रत्येक दिशेला एकेकच मार्गिका ठेवून उघडला. परतीचं विमान नॉक्सव्हिलहून असेल तर शेवटची रात्र टाउनसेंडला काढा. विमानतळ प्रत्यक्षात अल्कोआत, डोंगराच्याच बाजूला आहे, आणि टाउनसेंडहून यूएस-३२१ने मेरीव्हिलमार्गे पाऊण तासात पोचता येतं. पिजन फोर्जची गर्दी लागतच नाही. गाडी परत करण्यापूर्वीचं पेट्रोल मेरीव्हिलमध्येच भरून घ्या.